कोंबड्यांच्या शेडमधली गादी: मराठवाड्यात काय अंथरावं, किती आणि कधी

कोंबडीपालन सुरू करणारा माणूस तीन गोष्टी हमखास विचारतो. पिल्लं कुठून आणू, खाद्य कुठलं घालू, लस कधी देऊ. खाली काय अंथरू, हे मात्र तो शेड भरल्यावर, वास सुटल्यावर विचारतो. तोवर गादी ओली होऊन जमिनीला चिकटलेली असते आणि वर कोंबड्या असतात. भरल्या शेडमधली गादी बदलणं हे नव्याने अंथरण्यापेक्षा कितीतरी जिकिरीचं काम आहे.

हा लेख जमिनीवर कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. परसात दहा-वीस गावरान असोत, नाहीतर शेतातल्या शेडमध्ये गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींच्या शंभर-दोनशे कोंबड्या असोत. पिंजऱ्यात पाळणाऱ्यांचा हा विषय नाही.

आधी गादी काय करते ते पाहू. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत ७० ते ८० टक्के पाणी असतं. गादी हे पाणी शोषून घेते आणि मग हवेला परत देते. शोषणं सगळ्यांच्या लक्षात राहतं, परत देणं कुणाच्या राहत नाही. नुसतं पाणी पिऊन बसणारं अंथरूण चार दिवसांत चिखल होतं. म्हणून माल निवडताना तो किती पाणी पितो यापेक्षा पुन्हा किती लवकर कोरडा होतो, हे जास्त बघायचं. चांगल्या गादीत ओलावा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असतो. ३०-३५ च्या पुढे गेला की ढेपा धरतात, अमोनिया सुटतो आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना हवी तशी जागा मिळते. २० च्या खाली गेला की धूळ उडते आणि कोंबड्या शिंकू लागतात. आपल्याकडे ही दोन्ही टोकं एकाच वर्षात गाठली जातात, मे महिन्यात एक आणि भाद्रपदात दुसरं.

माल घेण्याआधी छत आणि जमीन

गादी खराब होण्याची बहुतेक कारणं गादीत नसतात. पाणी वरून, बाजूने किंवा खालून येतं, नाहीतर पाण्याच्या भांड्यातून सांडतं. हे बंद न करता महागातलं तूस आणणं म्हणजे पैसे ओल्यात टाकणं.

मराठवाड्यातली काळी माती कोंबड्यांच्या शेडसाठी वाईट जमीन आहे. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून उंदीर येतात, उंदरांमागे साप. म्हणून शेडची जमीन आजूबाजूच्या रानापेक्षा किमान फूट-दीड फूट उंच घ्या. मुरूम भरून पाणी मारा आणि धुमसून घट्ट करा. वर सिमेंटचा कोबा करता आला तर उत्तमच. नाहीतर शहाबादी फरशी बसवा, पण सांधे भरून घ्या, कारण उघड्या सांध्यात घाण आणि किडे साठतात. यातलं काहीच परवडत नसेल तर मुरमावर शेणामातीचं सारवण चालतं. फक्त मग प्रत्येक बॅचनंतर वरचा दोन-तीन इंचांचा थर खरवडून नवा मुरूम टाकावा लागतो. तो कंटाळा करणाऱ्याने सुरुवातीलाच कोबा करावा.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत शिरत नाही. पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट यायला हवा. एक फुटाची वळचण ठेवली की वाऱ्याच्या पावसात अर्धी गादी भिजते, हे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शेडवर बघायला मिळतं. पागोळ्यांचं पाणी जिथे पडतं तिथे चर काढून ते उताराला लावून द्या. बाजूची भिंत फूट-दीड फुटाची पुरे, वर जाळी. या जाळीतून वारा खेळला नाही तर गादीतलं पाणी जाणार कुठे?

पाण्याची भांडी विटांवर ठेवा किंवा टांगा. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या पातळीला हवी. पिल्लं वाढतात तशी भांडीही वर जायला हवीत. एकदा ठेवलेली भांडी महिनाभर तिथेच राहिली की त्यांच्याभोवती हातभर ओलं वर्तुळ तयार होतंच.

आपल्याकडे काय मिळतं

भाताचं तूस. जुने कोंबडीवाले आजही पहिलं नाव याचंच घेतात आणि ते बरोबर आहे. तूस फार पाणी पीत नाही, पण मोकळं राहतं, लवकर वाळतं आणि सहज खालीवर करता येतं. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजतही नाही. अडचण एवढीच की मराठवाड्यात भात फारसा नाही. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली, देगलूरकडच्या लोकांना सीमेपलीकडच्या निजामाबाद-बोधन पट्ट्यातल्या राईस मिल जवळ पडतात. बीड-धाराशिवकडच्या माणसाला मात्र तुसापेक्षा गाडीभाडंच जास्त बसतं, कारण तूस हलकं असतं आणि जागा खातं. भाव ठरवताना पोहोच भाव विचारा, आणि तो पोत्यावर आहे की वजनावर हेही आधी ठरवा. ओल्या तुसाचं वजन वाढतं, पैसे पाण्याचे जातात.

घेताना एक बघायचं. मोठ्या मिलमध्ये तूस आणि कोंडा वेगळे निघतात. जुन्या हलर गिरणीत दोन्ही मिसळून, दळल्यासारखं बारीक निघतं. ते स्वस्त मिळतं, पण गादीला घेऊ नका. कोंड्यात तेल असतं, त्याला किडे लागतात, ओल लागली की खवट होऊन बुरशी धरते. अख्ख्या, होडीच्या आकाराच्या टरफलांचं तूस हवं.

लाकडाचा भुसा. यात दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या पातळ, गुंडाळलेल्या सालपटांसारखं अंथरूण नाही. पाणी चांगलं पितात, फुगीर राहतात, धूळ कमी. आरागिरणीतली बारीक भुकटी मात्र जपून वापरायची. लहान पिल्लं ती दाणे समजून खातात आणि चारा-पिशवी (गळ्याखालची दाण्याची थैली) तटते. ओल्या लाकडाचा भुसा पोत्यात चार दिवस राहिला तरी आतून गरम होऊन बुरशी धरतो, म्हणून आणल्यावर उन्हात पसरायचाच. प्लाय, एमडीएफ किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा भुसा शेडमध्ये आणायचा नाही, फुकट दिला तरी. फर्निचरच्या दुकानात हल्ली निम्म्याहून जास्त काम प्लायचंच असतं, त्यामुळे तिथून घेताना विचारून घ्या आणि शंका आली तर सोडून द्या.

सोयाबीनचं भुसकट. काही भागांत याला गुळी म्हणतात. लातूर, धाराशिव, हिंगोली, परभणीत दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी यंत्रामागे याचे ढीग पडलेले असतात. कुणी जनावरांना घालतो, कुणी बांधावर पेटवून देतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या छोट्या कोंबडीवाल्याने पहिला विचार याचाच करावा, कारण ते दारात आहे. तुसापेक्षा ते लवकर दबतं आणि लवकर कुजतं, हे खरं. पण दर पंधरवड्याला थोडं नवं टाकण्याइतका माल जवळ असेल तर ते काही अडचण नाही.

भुसकट आहे तसं मात्र पसरू नका. त्यात जाड, टोकदार धसकटाचे तुकडे असतात, ते पायात रुततात. चाळणीतून किंवा सुपाने पाखडून शेंगांची टरफलं आणि बारीक काडी वेगळी करा, धसकटं बाजूला काढा. राहिलेले सोयाबीनचे दाणे कोंबड्या वेचतात, त्यातल्या चार-दोन दाण्यांनी काही होत नाही. दाण्यांमुळे उंदीर मात्र येतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बनीम (मळणीआधी रचलेली गंजी) कोरडी होती का, हे पाहा. २०२५ च्या सप्टेंबरात जशी अतिवृष्टी झाली, तशा वर्षी भिजलेल्या काडाचं भुसकट वरून पिवळं दिसतं आणि हाताने उकरलं की आत काळं-पांढरं, कुबट. ते खतात घाला, शेडमध्ये नको.

भुईमुगाची टरफलं. मोकळी, हलकी, पाणीही बऱ्यापैकी पितात. उन्हाळी भुईमूग निघाल्यावर किंवा शेंगा फोडणाऱ्या गिरणीवर मिळतात. भुईमुगाला बुरशी लवकर लागते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीच्या यकृतावर जातं, म्हणून कडकडीत वाळलेली, फोडल्यावर आत डाग नसलेलीच घ्या.

गव्हाचं काड. लांब काड अंथरलं तर चटई होते, वरून वाळतं आणि खाली पाणी साचतं. इंच-दीड इंचाची कुट्टी करून तुसात किंवा भुसकटात मिसळलं तर चांगलं चालतं. एकट्याने नको. अंडी घालण्याच्या खोक्यात मात्र मऊ काडासारखं दुसरं काही नाही.

उसाचा चोथा. गुऱ्हाळावर मिळतो, कारखान्यातला बहुतेक चोथा (बॅगस) बॉयलरला जातो. पाणी भरपूर पितो, पण परत देत नाही. उरलेल्या साखरेने आंबतो, मुंग्या येतात. आठवडाभर कडक उन्हात वाळवून, तुसात तिसरा हिस्सा मिसळायला हरकत नाही. पाचट मेणचट असतं, पाणी पीतच नाही. ते उसातच राहू द्या.

कडबा आणि तुरीचं भुसकट ही जनावरांची वैरण आहे, ती पायाखाली घालण्याइतकी स्वस्त कधीच नसते. गव्हाणीतली उष्टावळ फुकट असते म्हणून काही जण वापरतात. ती गोमूत्राने ओली असते आणि आधीच कुजायला लागलेली असते. पऱ्हाटीची कुट्टी फार रखरखीत. कडुनिंबाचा पाला वाळवून थोडा मिसळला तर चालतो, पण निव्वळ पाल्याची गादी दोन दिवसांत दबून जाते.

राहिली वाळू आणि राख. वाळू पाणी पीत नाही, ते खाली जाऊ देते. परसातल्या दहा-बारा कोंबड्यांच्या खुराड्यात रोज विष्ठा चाळून काढणारं कुणी असेल तर ती बरी. मोठ्या शेडला नको, शिवाय शेवटी तिचं खत होत नाही. राखेचं काय, असं विचारणारे पुष्कळ असतात, कारण घरोघरी आई-आजी डालग्याखाली राखच टाकत आल्या. रात्रीपुरत्या डालग्याला आणि रोज झाडण्याला ती ठीक होती. गादीत राख मिसळली आणि ती भिजली की क्षार सुटतात आणि अमोनिया वाढतो. राखेची जागा कोपऱ्यातल्या टोपल्यात. कोरडी राख आणि माती निम्मी-निम्मी भरून ठेवली की कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा कमी होतात.

एकच माल निवडायचा हट्ट नको. मला स्वतःला पटलेलं मिश्रण म्हणजे खाली दोन वाटे तूस किंवा रंध्याची सालपटं आणि वर एक वाटा पाखडलेलं सोयाबीनचं भुसकट. तूस गादी मोकळी ठेवतं, भुसकट पाणी पितं. तूस मिळतच नसेल तर त्या जागी भुईमुगाची टरफलं.

घरच्या घरी परीक्षा

दोन मालांत निवड करायची असेल तर प्रत्येकी किलोभर वजन करून पातळ कापडाच्या पिशव्यांत भरा, अर्धा तास पाण्यात बुडवा, निथळून पुन्हा वजन करा. कोणी किती पाणी प्यायलं ते कळेल. मग दोन्ही पिशव्या सावलीत, वाऱ्यावर टांगा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वजन करा. ज्याचं वजन जास्त उतरलं तो माल आपला. सावलीतच टांगायचं, कारण शेडमध्ये ऊन नसतं.

नंतर नाकाची परीक्षा. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मधला माल बाहेर काढा. कुबट वास, हाताला गरमपणा, धुरासारखी उडणारी भुकटी, यातलं एकही असेल तर परत पाठवा. बुरशीचा माल पिल्लांखाली गेला तर ती चोच उघडून श्वास घेऊ लागतात आणि मरतात. बुरशीच्या त्या आजारावर प्रतिजैविकं चालत नाहीत.

पोती कुठली आहेत तेही बघा. कीटकनाशकाच्या किंवा खताच्या गोण्यांत भरलेला माल घेऊ नका. दुसऱ्याच्या शेडवरची वापरलेली गादी किंवा खाद्याची जुनी पोती तर कधीच नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. असे रोग विष्ठेतून, पायताणांतून, पोत्यांतून आणि भांड्यांतून एका शेडवरून दुसऱ्या शेडवर जातात.

किती लागेल

१० बाय १० फुटांच्या खोलीत जमिनीवरच्या मोठ्या ४० ते ५० कोंबड्या बसतात, प्रत्येकी दोन ते अडीच चौरस फूट धरून. तीन इंचांच्या थराला २५ घनफूट माल लागतो. क्विंटलचं मोठं तागाचं पोतं साधारण साडेचार घनफुटांचं असतं, म्हणजे सहा पोती. तुसाच्या हिशेबात हे सुमारे ७५ किलो. चार इंच करायचं असेल तर साडेसात-आठ पोती. वर चौथा हिस्सा जास्तीचा आणून कोरड्या जागी, जमिनीपासून वर, फळ्यांवर रचून ठेवा. हा साठा पावसाळ्यात लागतोच, आणि त्या दिवसांत बाजारात कोरडा माल शोधूनही सापडत नाही. साठवण मृगाच्या आत उरकायची.

अंथरायची पद्धत

जुनी गादी असेल तर पूर्ण काढा. जमीन खरवडा, धुवा, वाळवा. मग भिंतींना आणि जमिनीला चुन्याची पोतार मारा. ती वाळली की शेड निदान दोन आठवडे रिकामं ठेवा. हा खाडा टाळण्याचा मोह होतो, पण एका बॅचचे जंतू पुढच्या बॅचला देण्याचा सोपा रस्ता तोच आहे.

मग माल एकदा उन्हात पसरून, गार होऊ देऊन आत आणा. सर्व ठिकाणी सारखा थर द्या, भिंतीच्या कडेला अर्धा इंच जास्त. पिल्लांसाठी दोन ते तीन इंच, वाढत्या कोंबड्यांसाठी तीन-चार. अंड्यांवर ठेवायच्या कोंबड्यांसाठी चार इंचांनी सुरू करून दर पंधरवड्याला थोडं थोडं वाढवत सहा इंचांपर्यंत न्या, पुढे हिवाळ्यात आठ-नऊ इंचही चालतं. अशी साठवत नेलेली गादी दोन-तीन महिन्यांनी खालून हळूहळू कुजू लागते, सौम्य ऊब देते आणि वास धरत नाही. हे कुजणं कोरड्या दिवसांतच नीट सुरू होतं, म्हणून अशी गादी दिवाळीनंतर घाला. आषाढात घातलेली गादी कुजत नाही, सडते.

एक दिवसाच्या पिल्लांची काळजी वेगळी. ती येण्याआधी गादीवर बल्ब लावून ठेवा, थंडीच्या दिवसांत आदल्या दिवसापासून, म्हणजे पायाखालचं अंथरूणही गरम होतं. गार गादीवर उभं राहिलेलं पिल्लू अंग आखडून दुसऱ्यांना चिकटून बसतं, दाण्याकडे जात नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास तापमान हवं, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवा. पहिले तीन-चार दिवस तुसावर कागद अंथरतात, नाहीतर पिल्लं तूसच वेचून खातात. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, म्हणून खडबडीत खाकी कागद किंवा स्वच्छ गोणपाट घ्या आणि ओला झालेला भाग रोज बदला. बल्ब गादीपासून दीड फूट वर, साखळीने टांगलेला. दोरी जळते किंवा उंदीर कुरतडतात, आणि कोरड्या तुसात पडलेला बल्ब रात्रीतून सगळं शेड घेऊन जातो.

बसायच्या काठ्याही गादीचाच भाग समजा. मोठ्या कोंबड्या रात्री जितकी विष्ठा टाकतात ती सगळी काठ्यांखाली पडते. दीड-दोन फुटांवर बाभळीच्या किंवा सुबाभळीच्या दोन इंच जाड, गोल केलेल्या काठ्या बांधा, प्रत्येक कोंबडीला सात-आठ इंच जागा. खाली जुना पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद पसरून त्यावर थोडं तूस टाका आणि दर दोन-तीन दिवसांनी तेवढंच काढा. एवढ्या एका कामाने बाकीची गादी कितीतरी जास्त दिवस टिकते. माळावर मोकळ्या फिरणाऱ्या आणि फक्त रात्री खुराड्यात येणाऱ्या कोंबड्यांना तर खाली जाड गादीची गरजच नाही, इंचभर तूस आणि रोजचा झाडू पुरे.

रोजची देखभाल

मुठीची परीक्षा आठवड्यातून एकदा, चार ठिकाणांहून. गादी मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गोळा होऊन लगेच फुटला तर बरोबर. झालाच नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी.

वासासाठी पहाटे जाळीवरचे पडदे उघडण्याआधी आत जा आणि उकिडवं बसा. कोंबडीचं नाक जमिनीपासून फूटभर उंचीवर असतं, तुमचं पाच फुटांवर. उभ्याने काही जाणवत नाही. डोळे चुरचुरले तर अमोनिया आधीच २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आसपास किंवा पुढे गेलेला असतो आणि कोंबड्यांचे डोळे, श्वासनलिका त्रासलेल्या असतात. रोज आत जाणाऱ्याच्या नाकाला सवय होते, म्हणून मधूनमधून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बसवून विचारा.

दाताळ्याने गादी आठवड्यातून दोनदा खालीवर करा, पावसाळ्यात रोज. नाका-तोंडाला गमछा बांधा आणि दोन्ही बाजूंचे पडदे आधी उघडा. उन्हाळ्यात हे काम सकाळीच, भर दुपारी कोंबड्यांना उठवलं तर धाप लागून मरतात. गादी कोरडी असेल तर मूठभर ज्वारी वर फेका, कोंबड्या स्वतःच उकरतात.

ओली ढेप दिसली तर ती उचलून बाहेर काढायची. तिच्यावर नवं तूस टाकून झाकलं की पाणी आत कोंडतं. आठवडाभराने तिथेच तळवे सुजलेल्या, फोड आलेल्या कोंबड्या सापडतात. रक्ती हगवणीचे जंतू उबदार ओलीत एक-दोन दिवसांत रोग लावण्याजोगे होतात आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना जास्त गाठतात. विष्ठेत रक्त दिसलं तर गादी तपासता तपासता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही दाखवता येतं. नुकतीच मेलेली कोंबडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेली तर तिथे चिरून निदान होतं.

चुन्याबद्दल

ओल झाली की चुना टाका, असं सगळेच सांगतात. चुना वरची ओल ओढून घेतो हे खरं. पण चुना अल्कधर्मी असतो, आणि विष्ठेने भरलेल्या गादीत मिसळला की साठलेला अमोनिया उलट जोराने बाहेर पडतो. म्हणून चुन्याची जागा गादीच्या खाली, कोऱ्या जमिनीवर. भरल्या गादीत वास कमी करायचा तर सिंगल सुपर फॉस्फेट, १०० चौरस फुटांना साधारण किलोभर, दाताळ्याने नीट आत मिसळून. वर दाणे दिसता कामा नयेत, कोंबड्या वेचतात. फॉस्फेट मागे खतातही कामाला येतं. कळीचा चुना तर कोंबड्यांच्या आसपासही नको, पाय भाजतात.

उन्हाळा, पावसाळा, थंडी

एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर जातो, तेव्हा मोठ्या कोंबड्यांखालचा थर दोन इंचांवर आणा. जाड गादी खालून ऊब देते, तीच नको असते. आणि गादी पावसातच ओली होते हा समज सोडा. उन्हात कोंबडी दुप्पट पाणी पिते, विष्ठा पातळ होते, त्यातच फॉगर (पाण्याचं धुकं उडवणारे नळ) किंवा पत्र्यावरचे स्प्रिंकलर ठिबकत असतात. मेमध्ये भांड्यांभोवतीची गादी रोज बघावी लागते. बाकीची गादी धूळ उडवत असेल तर संध्याकाळी झारीने अगदी हलका शिडकावा चालतो.

पावसाळ्यात पडदे पूर्ण बंद करण्याची घाई सगळे करतात. पडदा वरून हातभर उघडा राहिलाच पाहिजे, नाहीतर पाऊस बाहेर राहतो आणि वाफ आत. सरी थांबल्या की पडदे लगेच पूर्ण उघडा. राखून ठेवलेल्या पोत्यांतलं कोरडं तूस आता थोडं थोडं काढा. ऊन पडेल त्या दिवशी ओला भाग बाहेर ताडपत्रीवर वाळवला तरी चालतो, पण तो त्याच शेडमध्ये परत जाईल, दुसऱ्या नव्हे.

थंडीत परभणीकडे पारा कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो. थर वाढवा, रात्रीचे पडदे खालून घट्ट करा, वरची फट तशीच ठेवा.

गादी काढल्यावर

बॅच विकली किंवा अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं वर्ष संपलं की गादी काढा. चाळीसेक मोठ्या कोंबड्यांखाली वर्षात सुमारे एक टन खत तयार होतं, आणि त्यात नत्र साधारण ३ टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी २ टक्क्यांच्या आसपास असतं. शेणखताच्या कितीतरी पट. म्हणूनच ते ताजं टाकायचं नाही, रोपं जळतात. शेडपासून लांब, उताराच्या बाजूला ढीग लावा, ओल बेताची ठेवा, वर ताडपत्री टाका. पंधरा दिवसांनी एकदा आणि नंतर महिन्याने पुन्हा खालीवर करा. भुसकटाची गादी दोन महिन्यांत काळी, भुसभुशीत होते. तुसाची टरफलं मात्र शेतात वर्षभर दिसत राहतात, त्याने घाबरू नका, काळ्या मातीला ती मोकळं करतात. मार्चच्या शेवटी लावलेला ढीग मृगाच्या तोंडावर तयार असतो. हळद, भाजीपाला किंवा फळझाडं असतील तर आधी तिकडे, उरलेलं कापसाच्या सरीत.